घरच्या खेळासाठी पत्ते घेताना



आज पत्त्यांविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत. विषय ऐकूनच काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. पत्ते म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? गावाबाहेरच्या शेडातला अड्डा, तीन पानांवर लावलेले सोयाबीनचे पैसे, आणि घरी दिवा लावून वाट पाहणारी बायको. पत्त्यांचे नाव खराब झाले आहे ते उगीच नव्हे. पण खराब कोण, पत्ता की पैसा, याचा विचार आपण क्वचितच करतो.

आता दुसरे चित्र पाहा. सेनगाव, गोरेगाव, पुसेगाव या आपल्या भागात आषाढात पावसाची झड लागते. पेरणी उरकलेली असते, वाफसा नाही म्हणून कोळपणी थांबलेली असते, लाईट तर केव्हाच गेलेली असते. अशा वेळी ओसरीवर चटई पडते, आजी भिंतीला टेकून बसते, तिच्याभोवती नातवंडे जमतात आणि बदाम सात सुरू होतो. तेच पत्ते. पण इथे कुणाचे काही जात नाही. उलट, एरवी आपापल्या मोबाईलमध्ये तोंड घालून बसलेली चार माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात.

या दुसऱ्या चित्रातल्या घरासाठी आजचे बोलणे आहे. घरात खेळायला पत्ते घ्यायचे तर कसे घ्यावेत? हल्ली प्लास्टिकचे पत्ते निघाले आहेत, ते घ्यावेत का? घेतले तर चांगले कोणते, वाईट कोणते, हे ओळखायचे कसे?

तुम्ही म्हणाल, त्यात एवढे काय सांगायचे? दुकानात जायचे, ‘एक कॅट द्या’ म्हणायचे, झाले. पण तसे नाही बरं का. चांगल्या कॅटची एक मुख्य कसोटी आहे आणि बाकीच्या साऱ्या कसोट्या तिच्या पोटातून निघतात. ती अशी : बावन्नही पत्ते पालथे टाकले तर पाठीकडून अगदी सारखे दिसले पाहिजेत. आज तर दिसलेच पाहिजेत, आणि वर्षभर खेळल्यानंतरही दिसले पाहिजेत.

असे का? गुलामचोराचा डाव आठवा. आपण एक गुलाम काढून बाजूला ठेवतो. बाकीच्या पत्त्यांच्या जोड्या लावत जायचे, आणि प्रत्येकाने शेजाऱ्याच्या हातातला एक पत्ता पाठीकडूनच ओढायचा. शेवटी ज्याच्या हाती एकटा गुलाम राहील तो चोर. आता या खेळात पाठीखेरीज आहे काय? किलवरच्या गुलामाचा कोपरा जर दुमडलेला असेल, तर ज्याला ते माहीत आहे तो त्या पत्त्याला हात लावणारच नाही. ज्याला माहीत नाही तो बिचारा ओढत राहील. मेंढीकोटात बंद हुकूम करतो, तेव्हा एक पत्ता सगळ्यांसमोर पालथा ठेवतो. त्या पत्त्यावर चहाचा डाग असेल तर हुकूम बंद राहिला कुठे?

आणि श्रोते हो, घरात हे आधी कोणाच्या लक्षात येते? ज्याची नजर तीक्ष्ण त्या पोराच्या. तो काही लबाड नसतो. त्याने पत्त्यावर खूण केलेली नसते. खूण आपोआप पडलेली असते, आणि डोळे असून तिच्याकडे पाहू नकोस असे त्याला सांगणेही कठीण. पण दहा वेळा हरलेल्या धाकट्या बहिणीला एक दिवस ते कळते. मग चटईवर पत्ते फेकले जातात, भांडण होते, आणि आई म्हणते, ‘आणा ते पत्ते इकडे, चुलीत घालते.’ एकाला वाटते, फसवून जिंकणे म्हणजेच हुशारी. दुसरीला वाटते, सरळ खेळणारा हरतोच. दोघांनाही चुकीचा धडा मिळाला, आणि तो घरातच मिळाला. शकुनीच्या फाशांची गोष्ट आपल्याकडे लहानथोरांना ठाऊक आहे. धर्मराजाचे काय चुकले ते सांगताना आपण त्याच्या जुगाराच्या नादाला बोल लावतो, ते बरोबरच आहे. पण फासे आधी तपासून घ्यायला हवे होते, हेही त्यात आलेच.

पत्ता खराब होतो कशाने? साधा पत्ता कागदाचा असतो. चांगल्या प्रतीचा असला तर दोन कागद मध्ये गडद रंगाचा गोंद घालून चिकटवलेले असतात, म्हणजे उजेडात धरला तरी आरपार दिसत नाही. हलक्या प्रतीचा असला तर नुसता पातळ पुठ्ठा, वर चकाकी. कागद हवेतला ओलावा पितो. पावसाळ्यात तो फुगतो, पत्ते एकमेकांना चिकटतात, पिसताना कडा उलतात. उन्हाळ्यात हाताचा घाम लागतो. आणि आपल्या हिंगोली जिल्ह्यात आणखी एक गोष्ट आहे ती म्हणजे हळद. हळद शिजवण्याच्या आणि घोळण्याच्या दिवसांत बोटे पिवळी असतात. हात धुतले तरी नखांच्या कडेला रंग राहतोच. त्या बोटांनी धरलेल्या कागदी पत्त्याच्या पांढऱ्या कडेवर पिवळा ठसा उमटला की तो पत्ता कायमचा ओळखीचा झाला.

ही अडचण आजची नाही. आपल्या पूर्वजांनीही ती सोसली आणि तिच्यावर तोड काढली. इंग्रजी धर्तीचे चौकोनी पत्ते येण्यापूर्वी आपल्याकडे गंजिफा खेळत. गंजिफाचे पत्ते गोल असतात. बाबराने १५२७ साली सिंधमध्ये शाह हसनकडे गंजिफाचा संच पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली गंजिफा ९६ पत्त्यांचा, आठ रंगांचा. आपल्याकडे त्यावरून दशावतारी गंजिफा झाला : मत्स्य, कूर्म, वराह असे दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा असे बारा पत्ते, एकूण १२०. कोकणात सावंतवाडीला हे पत्ते तयार होत. कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, वर हाताने चित्र काढायचे आणि शेवटी लाखेचा हात द्यायचा. ही कला मोडकळीला आली होती, तिला १९७० नंतरच्या दशकात सावंतवाडीच्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुन्हा उभे केले.

त्या लाखेकडे लक्ष द्या. ती केवळ शोभेसाठी नव्हती. लाखेमुळे पत्ता गुळगुळीत होई, ओल धरत नसे, बोटांचा मळ आत मुरत नसे. आज प्लास्टिक जे काम करते तेच काम तेव्हा लाख करीत होती. तेव्हा प्लास्टिकच्या पत्त्याला ‘नवीन फॅड’ म्हणून नाक मुरडायचे कारण नाही. पण प्लास्टिक म्हटले म्हणजे सगळे सोने, असेही नाही. दिसते तसे नसते.

बाजारात प्लास्टिकच्या नावाखाली तीन प्रकारचा माल मिळतो. पहिला प्रकार म्हणजे आत कागद आणि वर प्लास्टिकचा पातळ थर. डब्यावर ‘प्लास्टिक कोटेड’ असे लिहिलेले असते. हा पत्ता साध्या कागदापेक्षा बरा, पण त्याची कड उघडी असते. कडेने पाणी शिरले की तो फुगतोच. दुसरा प्रकार म्हणजे पूर्ण प्लास्टिकचा पत्ता. त्यावर ‘शंभर टक्के प्लास्टिक’ असे लिहितात. आपल्याकडच्या दुकानांत मिळतो तो बहुधा पीव्हीसीचा असतो. सेल्युलोज ॲसिटेट नावाचा दुसरा एक पदार्थ आहे. तो लाकडाच्या लगद्यापासून किंवा सरकीला चिकटलेल्या कापसाच्या आखूड लवेपासून करतात. त्याचे पत्ते महाग असतात आणि परदेशात अधिक चालतात. तिसरा प्रकार जत्रेत आणि फेरीवाल्याकडे दिसतो तो सोनेरी, चकचकीत पत्ता. मुलांना तो फार आवडतो. पण सोनेरी पृष्ठावर लाल आणि काळा रंग दिव्याच्या उजेडात नीट वेगळे दिसत नाहीत, पत्ते हातातून घसरतात, आणि आरशासारख्या पाठीवर पडलेला बारीक ओरखडासुद्धा लांबून चमकतो. म्हणजे आपल्या मुख्य कसोटीलाच तो नापास. तो शोकेसमध्ये ठेवा, खेळायला नको.

आता प्रत्यक्ष निवड कशी करायची ते सांगतो. दुकानदाराला एक कॅट उघडून दाखवायला सांगा. सील फोडायला तो तयार नसेल तर नमुन्याचा एखादा कॅट मागा. परीक्षा नेहमी जोकरवर करावी, म्हणजे पत्ता बिघडला तरी खेळ अडत नाही.

पहिली परीक्षा वाकवण्याची. जोकर लांबीकडून दोन बोटांत धरून धनुष्यासारखा हलका वाकवा आणि सोडा. चांगला पत्ता टक्कन सरळ होतो. हलका पत्ता थोडा बाक धरून राहतो. दुमडून घडी मात्र घालू नका. घडी पडली की प्लास्टिकवर पांढरी रेघ उठते आणि ती काही केल्या जात नाही.

दुसरी परीक्षा उजेडाची. पत्ता बल्बसमोर किंवा सूर्याच्या बाजूला धरा. पाठीकडून आतला एक्का, गुलाम ओळखू येत असेल तर तो कॅट परत करा. काही प्लास्टिकचे पत्ते इतके पातळ असतात की समोर बसलेल्याला आपला हात कंदिलाच्या उजेडात वाचता येतो.

तिसरी परीक्षा पाठीच्या चित्राची. पत्ता उलटा-सुलटा फिरवून पाहा. वरची बाजू खाली केली तरी पाठ तशीच दिसली पाहिजे. पाठीवर फुलदाणी, मोर किंवा देवाचे चित्र असेल तर पत्ता उलटा फिरलेला लगेच कळतो. मग एखाद्या हुशार गड्याने सगळे एक्के उलटे लावून ठेवले तर? तेव्हा दोन्हीकडून सारखी नक्षीच चांगली. शिवाय नक्षीभोवतीची पांढरी किनार चारही बाजूंनी सारख्या रुंदीची आहे का ते पाहा. कापताना पत्ता सरकलेला असला तर एका बाजूची किनार जाड आणि दुसरीकडची बारीक होते. एक-दोन पत्तेच असे असले तर ते जन्मापासूनच खुणेचे.

चौथी परीक्षा कडेची. सगळा कॅट उभा धरून टेबलावर हलके आपटा आणि चारी बाजूंनी बोट फिरवा. एकही पत्ता बाहेर आलेला किंवा आत गेलेला लागता कामा नये. कोपऱ्यांची गोलाई सारखी हवी, कडेला कातरण राहिलेली नसावी.

पाचवी परीक्षा हाताची. प्लास्टिकचा मोठा दोष म्हणजे घसरणे. कॅट चटईवर ठेवला की त्याची घसरगुंडी होते, लहान मुलांच्या हातात पंखा राहत नाही. यासाठी चांगल्या पत्त्याच्या पृष्ठावर अगदी बारीक, हाताला जेमतेम जाणवेल असा खरबरीतपणा दिलेला असतो. अगदी काचेसारखा गुळगुळीत पत्ता घेऊ नका. तसाच पिसताना चिकटणाराही नको.

सहावी परीक्षा डोळ्यांची. घरात आजी-आजोबा खेळणार असतील तर कोपऱ्यातले आकडे मोठे आहेत ना, इस्पिक आणि किलवर लांबून वेगळे कळतात ना, हे पाहावे. पत्ते दोन रुंदींचे येतात. एक सुमारे ५७ मिलिमीटर रुंद, दुसरा ६३ मिलिमीटर. लांबी दोघांची साधारण ८८-८९ मिलिमीटर. मेंढीकोटात प्रत्येकाच्या हाती तेरा पत्ते येतात. तेरा पत्त्यांचा पंखा धरायला लहान आणि म्हाताऱ्या हातांना अरुंद पत्ता सोयीचा.

आणि शेवटी मोजणी. दुकानातून निघण्यापूर्वी चारही रंग एक्क्यापासून राजापर्यंत लावून मोजा : तेरा चोक बावन्न, आणि वर जोकर किती ते पाहा. घरी आल्यावर चौकटची नव्वी नाही असे कळले तर दुकानदार ऐकून घेईलच असे नाही.

दोन कॅट घ्यायचे असतील तर एक बारकावा ध्यानात ठेवा. आलटून पालटून खेळण्यासाठी घेत असाल, म्हणजे एक वाटेपर्यंत दुसरा पिसायचा, तर दोन कॅटच्या पाठी वेगवेगळ्या रंगांच्या असाव्यात. मिसळ होत नाही. पण रमीसारख्या खेळात दोन्ही कॅट एकत्र करायचे असतील, तर दोन्हींची पाठ एकाच रंगाची, एकाच नक्षीची हवी. लाल पाठीचे आणि निळ्या पाठीचे पत्ते एकत्र केले तर समोरच्याच्या हातातल्या पत्त्यांची अर्धी ओळख पाठच करून देते.

किमतीचे काय? प्लास्टिकचा कॅट कागदीपेक्षा बराच महाग पडतो. तो घ्यावा की नाही हे तुम्ही किती खेळता यावर आहे. हिशेब असा मांडा. समजा कागदी कॅट चाळीस रुपयांना आला आणि रोज खेळून दोन महिन्यांत खुणांनी भरला, तर वर्षाला सहा कॅट, म्हणजे २४० रुपये. प्लास्टिकचा कॅट समजा तीनशे रुपयांना आला आणि तीन वर्षे टिकला, तर वर्षाला शंभर रुपये. पण ज्या घरात दिवाळीला दोन दिवस पत्ते निघतात आणि मग वर्षभर फडताळात पडतात, त्या घराला चांगल्या प्रतीचा कागदी कॅट पुरे. मुलांना पत्त्यांचा बंगला करायचा असेल तर त्यालाही जुने कागदी पत्तेच बरे. प्लास्टिकच्या पत्त्यांचा बंगला उभाच राहत नाही, पाय घसरतात त्याचे.

घेतलेला कॅट टिकवायचा कसा? खेळायला बसण्यापूर्वी हात धुवावेत, हा पहिला नियम. चिवडा-भजी खेळ संपल्यावर. पत्ते मळले तर कोमट पाण्यात साबणाचे चार थेंब टाकून मऊ फडक्याने एकेक पुसावा, साध्या पाण्याच्या फडक्याने साबण काढावा आणि सुती कापडावर सावलीत पसरून पूर्ण कोरडा करावा. ओले पत्ते एकावर एक ठेवू नयेत. कढत पाणी वापरू नये, रॉकेल किंवा नेलपॉलिश काढायचे पाणी तर मुळीच नको, त्याने छपाई निघते. हळदीचा डाग ताबडतोब पुसला तर जातो. राहिलाच तर सकाळच्या कोवळ्या उन्हात थोडा वेळ ठेवावा, उन्हाने हळदीचा रंग फिका पडतो. पण दुपारच्या उन्हात नव्हे. प्लास्टिकचा शत्रू उष्णता. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, बंद गाडीत किंवा पत्र्याखाली त्याहून कितीतरी अधिक तापते, आणि पत्ते वेडेवाकडे होतात. चुलीजवळच्या कोनाड्यातही ठेवू नका. त्यांच्या डबीतच, सपाट, सावलीत ठेवावेत.

एखादा पत्ता हरवला तर कॅट टाकून देऊ नका. एक जोकर घ्या, त्याच्या तोंडावर न पुसणाऱ्या शाईने हरवलेल्या पत्त्याचे नाव लिहा. पाठ तीच असते, म्हणून खेळ प्रामाणिक राहतो. दुसऱ्या कॅटमधला पत्ता आणून घातला तर मात्र तो पाठीवरून ओळखू येईल. आणि कॅट अगदीच कामातून गेला तर तो चुलीत किंवा उकिरड्यावर जाळू नका. पीव्हीसी जळाले की विषारी, घशाला झोंबणारा धूर निघतो. ‘चुलीत घालते’ हे आईचे वाक्य कागदी पत्त्यांपुरतेच ठीक.

आता दोन शब्द शिक्षक बंधुभगिनींसाठी. दहावीच्या गणितात संभाव्यतेचे प्रकरण आहे. त्यात बावन्न पत्त्यांच्या कॅटची उदाहरणे येतात : लाल पत्ता मिळण्याची संभाव्यता किती, चित्रयुक्त पत्ता मिळण्याची किती. ज्या मुलीच्या घरात पत्ता म्हणजे पाप, तिने कधी कॅट हातात धरलेला नसतो. चार रंग, प्रत्येकी तेरा, चित्रांचे बारा, हे तिला पाठ करावे लागते. शेजारचा मुलगा मात्र ते खेळता खेळता शिकलेला असतो. गणित तेच, पण एकीची वाट अकारण अवघड. वर्गात एक कॅट आणून हातात दिला तर पाच मिनिटांत ही दरी बुजते.

आणि त्याच कॅटवर एक सुंदर प्रयोग होतो. चार पत्ते घ्या, त्यांत एक गुलाम. चारही पालथे करून, मुलांना न दाखवता, जागा बदला. एका तीक्ष्ण नजरेच्या मुलाला म्हणा, गुलाम ओळख. प्रत्येक वेळी जागा बदलून असे वीस वेळा करा आणि किती बरोबर आले ते फळ्यावर लिहा. नुसत्या नशिबाने चारात एक, म्हणजे विसात पाचच्या आसपास बरोबर यावेत. चार येतील, सात येतील, त्यात नवल नाही. पण बारा किंवा त्याहून अधिक आले तर? नुसत्या नशिबाने असे हजार वेळांत जेमतेम एकदा घडेल. तेव्हा समजावे की गुलामाच्या पाठीवर काहीतरी खूण आहे. मुलांना संभाव्यता कळली, आणि कॅट चांगला की वाईट तेही कळले. हा प्रयोग घरीही करता येतो. वर्षभर वापरलेला कॅट अजून खेळण्याजोगा आहे का, हे ठरवायची याहून सोपी रीत नाही.

पुस्तकात ‘चांगला पिसलेला कॅट’ असे शब्द येतात. चांगला पिसलेला म्हणजे किती? डेव्ह बायर आणि पर्सी डायाकोनिस या दोन गणितज्ञांनी १९९२ साली दाखवून दिले की कॅटचे दोन भाग करून, एकमेकांत पत्ते सोडत मिसळण्याची जी रीत आहे, तिने सुमारे सात वेळा पिसले म्हणजे बावन्न पत्ते पुरेसे मिसळतात. आपण घरी करतो तसे, हातातल्या हातात थोडे थोडे पत्ते वरून खाली टाकत पिसले तर त्याहून कितीतरी अधिक वेळा पिसावे लागते. आणि पत्ते ओलीने चिकटलेले असतील तर? मग मागच्या डावात एकत्र पडलेले चार पत्ते पुढच्या डावातही एकत्रच येणार. म्हणजे पिसणे हे नुसत्या हाताचे काम नाही, कॅटही तसा मोकळा लागतो. चटईवर सगळे पत्ते पालथे पसरून दोन्ही हातांनी कालवणे, ही लहान मुलांची रीत तर फार चांगली. तिला हसू नका.

शेवटी मूळ मुद्द्याकडे येऊ : पैसा. कॅट कितीही उत्तम आणला, आणि त्यावर पाच-पाच रुपये लावायला सुरुवात केली, तर घरातला खेळ संपला म्हणून समजा. आज पाच लागतात, पोळ्याला पन्नास, दिवाळीला पाचशे. जुगाराचा अड्डा चालवणे आणि तिथे खेळणे हा १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि तो कायदा आजही महाराष्ट्राला लागू आहे. मोबाईलवर पैसे लावून रमी खेळण्याचे वेड गावोगाव शिरले होते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांना बंदी घातली. पण कायदा दाराबाहेर उभा असतो. दाराच्या आत काय चालावे ते घरातल्या माणसांनीच ठरवायचे.

म्हणून घरात एक साधा नियम करा. गुण मोजायला चिंचोके घ्या, कवड्या घ्या, खडूने फरशीवर रेघा मारा. पैसा चटईवर यायचा नाही, थट्टेनेसुद्धा नाही. आणि पोराबाळांदेखत तो नियम मोठ्यांनी आधी पाळा. बाप पारावर तीन पानी खेळून येणार आणि घरी मुलाला ‘पत्त्यांना हात लावू नकोस’ म्हणून दटावणार, हे मुलाला पटत नाही. त्यापेक्षा बापाने संध्याकाळी घरीच बसून पोरांबरोबर पाच-तीन-दोन खेळावे. तिघांचा खेळ आहे, तीस पत्त्यांचा. सगळ्या रंगांच्या अठ्ठीपासून एक्क्यापर्यंत अठ्ठावीस, आणि इस्पिक व बदामच्या दोन सत्त्या. तीस पत्त्यांत अर्धा तास कसा जातो ते कळत नाही, आणि हरला तरी खिशातले काही जात नाही.

तर मंडळी, पुढच्या बाजाराला सेनगावला किंवा हिंगोलीला गेलात आणि पत्ते घ्यायचे मनात आले, तर घाई करू नका. जोकर वाकवून पाहा, उजेडात धरून पाहा, पाठ उलटी-सुलटी करून पाहा, कडेवरून बोट फिरवा, आणि बावन्न मोजून घ्या. दोन मिनिटांचे काम आहे. चटईवर बसलेल्या सगळ्यांत धाकट्या खेळाडूलाही आपण सरळ डावात बसलो आहोत असा भरवसा वाटला पाहिजे, त्यासाठी ही दोन मिनिटे.